चार भिंगे आणि झाशीचा घोडा

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की चार डोळ्यांचा कॅमेरा प्रथम हातात आला म्हणजे हसू येते. प्लॅस्टिकचे एक हलके खोके, त्याच्या पुढच्या बाजूस दोनाखाली दोन अशी बसविलेली चार चिमुकली भिंगे, वर डोळा लावून पाहण्यासाठी एक साधी चौकट, आणि आत नेहमीचा पस्तीस मिलिमीटरचा रोल. अंतर जुळविण्याची सोय नाही, प्रकाश कमीअधिक करण्याची सोय नाही, बॅटरी नाही. कळ दाबली की आत काहीतरी करकरत फिरते आणि थांबते. एवढ्यात चार छायाचित्रे निघालेली असतात. एकाच दृश्याची, पण एकाच क्षणाची नव्हेत.

व्हिएन्ना येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'लोमोग्राफी' या संस्थेने 'ॲक्शनसॅम्पलर' या नावाने असा कॅमेरा जगभर पोचविला. पुढे त्याची भावंडेही निघाली. त्यांत चार पट्ट्यांत चित्र घेणारा 'सुपरसॅम्पलर', आठ भिंगांचा 'ऑक्टोमॅट' आणि नऊ भिंगांतून एकाच क्षणी नऊ सारखी चित्रे काढणारा 'पॉप नाइन' हे विशेष प्रसिद्ध आहेत. खेळण्याच्या दुकानात शोभाव्यात अशाच या वस्तू आहेत, आणि त्यांचे उत्पादकही त्यांना खेळणी म्हणावयास कचरत नाहीत. तरीही या खेळण्याने एक जुना व गंभीर प्रश्न सोडविण्याचा नव्हे, तर निदान विचारण्याचा प्रयत्न केला आहे. तो प्रश्न झाशीच्या किल्ल्यावर उभे राहून विचारला तर चांगला उलगडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुंबईहून पंजाब मेलने निघालेला मराठी प्रवासी झाशीच्या स्थानकावर (त्याला २०२१ च्या अखेरीपासून वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे) उतरतो, तेव्हा त्याच्या मनात एक चित्र आधीपासूनच तयार असते. पुढचे दोन पाय उचललेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी बांधलेले मूल. शाळेच्या पुस्तकात, दिनदर्शिकेवर, गावोगावच्या चौकात त्याने ते पाहिलेले असते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराजवळच्या चौकाला तर राणीच्या अश्वारूढ पुतळ्यावरूनच नाव पडले आहे. एका स्त्रीचे आयुष्य, एका शहराचा वेढा आणि एका रात्रीतील सुटका हे सर्व या एकाच पवित्र्यात येऊन गोठले आहे. त्या पवित्र्याच्या आधीचा क्षण कोणता आणि नंतरचा कोणता, हे आपण कधी विचारीत नाही. चित्र आपल्याला तसे विचारू देत नाही. एका भिंगाचा कॅमेराही नेमके हेच करतो. तो असंख्य क्षणांतून एक उचलतो आणि बाकीचे फेकून देतो. चार भिंगांचा कॅमेरा मात्र निवड करण्याचा हा अधिकार छायाचित्रकाराच्या हातून बराचसा काढून घेतो. कळ केव्हा दाबावयाची एवढेच तो ठरवू शकतो. पुढची तीन चित्रे त्याला न विचारता निघतात.

हे कसे घडते ते आता पाहू.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरील एका चित्राची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते. चार भिंगांच्या कॅमेऱ्यात भिंगांच्या मागची जागा आडव्या व उभ्या पडद्याने विभागून चार छोट्या खोल्या केलेल्या असतात. प्रत्येक खोलीला स्वतःचे एक भिंग आणि फिल्मचा १८ बाय १२ मिलिमीटरचा एक तुकडा मिळतो. पडदे नसते तर चारही भिंगांतून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून सगळा गोंधळ झाला असता. ज्यांना हे स्वतः पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला सुईने चार छिद्रे पाडावीत, मागे तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवावा आणि अंधाऱ्या खोलीत छिद्रांसमोर मेणबत्ती धरावी. कागदावर चार उलट्या ज्योती दिसतील. खोका खोल आणि छिद्रे जवळजवळ असतील तर ज्योतींभोवतीचे प्रकाशाचे वर्तुळ एकमेकांवर चढेल. मध्ये पुठ्ठ्याच्या भिंती घातल्या की प्रत्येक ज्योत आपल्या खोलीत निमूटपणे बसेल.

भिंगांच्या मागे एक चकती असते व तिला एक फट असते. कळ दाबताच स्प्रिंगच्या जोराने ही चकती फिरते आणि तिची फट एकेका भिंगासमोरून जाते. फट ज्या भिंगासमोर असेल त्यातूनच त्या वेळी प्रकाश आत शिरतो. दोन भिंगांमध्ये सुमारे एक पंचमांश सेकंदाचे अंतर पडते आणि एका सेकंदाच्या आत चारही चित्रे पुरी होतात. चलच्चित्राच्या दृष्टीने हा वेग फारच थोडा आहे. मूकपटाच्या काळातही सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी लागत, तेव्हा कोठे पडद्यावरची हालचाल सलग भासे. आपले खेळणे सेकंदाला पाचाच्या गतीने चालते. त्यामुळे हालचाल सलग दिसत नाही, पण तुटूनही जात नाही. दोन चित्रांमधली जागा पाहणाऱ्याला स्वतः भरावी लागते, आणि माझ्या मते या कॅमेऱ्याची सारी मौज त्या भरण्यात आहे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे, कारण पहिला रोल धुऊन आला की पुष्कळांचा तिच्यावरून घोटाळा होतो. भिंग चित्र उलटे पाडते, हे शाळेत शिकलेले असते. पण येथे प्रत्येक भिंग फक्त आपल्या खोलीतले चित्र उलटे करते. खोल्यांच्या जागा बदलत नाहीत. आता प्रिंट पाहताना आपण ती सुलटी धरतो, म्हणजे संपूर्ण चौकट अर्ध्या वळशाने फिरवितो. त्याबरोबर खोल्याही फिरतात. कॅमेरा हातात धरल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात असलेल्या भिंगाचे चित्र प्रिंटमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणून पहिले चित्र कोणते आणि चौथे कोणते, हे वरून खाली व डावीकडून उजवीकडे वाचण्याच्या सवयीने ओळखू गेल्यास मुलगा पाण्यातून बाहेर उडी मारताना दिसतो.

क्रम निश्चित ओळखण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. मित्राला एखाद्या ओट्यावर उभे करून सुमारे दोन मीटर उंचीवरून चेंडू सोडावयास सांगावे आणि तो सोडताक्षणीच कळ दाबावी. पडणारी वस्तू पहिल्या पंचमांश सेकंदात सुमारे २० सेंटिमीटर, दोन पंचमांश सेकंदांत ७८ सेंटिमीटर आणि तीन पंचमांश सेकंदांत पावणेदोन मीटर खाली येते. ज्या चित्रात चेंडू सर्वांत वर ते पहिले, सर्वांत खाली ते चौथे, क्रम मिळाला. पण प्रिंटवर पट्टी ठेवून अंतरे मोजली तर ती साधारण १, ४ व ९ या प्रमाणात आढळतील, आणि गॅलिलिओने कललेल्या पाटावरून गोळे सोडून शोधलेला नियम एका खेळण्याने आपल्या हातात ठेवलेला दिसेल. कळ आणि चेंडू यांची वेळ तंतोतंत जुळणे कठीण आहे, त्यामुळे प्रमाण थोडे चुकेल. परंतु अंतर वाढत जाते हे लपणार नाही, आणि शेवटच्या चित्रातला चेंडू गोल न दिसता लांबट रेघेसारखा दिसेल, तेही वेगाचेच चिन्ह होय.

आता उन्हाविषयी. हा भाग कंटाळवाणा वाटेल, परंतु झाशीसारख्या ठिकाणी तो वगळल्यास पुढचे सर्व फुकट जाते. या कॅमेऱ्यात शटरचा वेग व भिंगाचे छिद्र कायमचे ठरलेले असते. वेग सेकंदाचा शंभरावा भाग आणि छिद्र एफ/८ असे धरून चला. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे: स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि फिल्मच्या वेगाचा जो आकडा असेल तेवढाच सेकंदाचा भाग शटरला द्यावा. त्या हिशेबाने १०० वेगाच्या फिल्मवर आपला कॅमेरा भर उन्हात हवा त्याच्या चौपट प्रकाश टाकतो, आणि ४०० वेगाच्या फिल्मवर सोळापट. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाशाचा अपराध बऱ्याच अंशी पोटात घालते. चौपट ती सहज सोसते, सोळापटीला तिचा धीर सुटू लागतो. प्रस्तुत लेखकाने आपला पहिला रोल ४०० वेगाचा घेतला आणि तो मे महिन्यातील भर दुपारी वापरला. किल्ल्याच्या भिंती पिठासारख्या पांढऱ्या आल्या आणि माणसे त्या पिठात बुडाली. तेव्हा बुंदेलखंडातील उन्हाळ्यात १०० वेगाची फिल्म घ्यावी आणि सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी ऊन तिरपे झाल्यावर फिरावे. उलट पावसाळ्यातील ढगाळ दिवशी किंवा दरवाज्यांच्या सावलीत प्रकाश उन्हाच्या आठव्या हिश्शापर्यंत उतरतो. तेथे ४०० चीच फिल्म हवी. घराच्या आत व दिवेलागणीनंतर हा कॅमेरा पिशवीत ठेवून द्यावा. भिंगे लहान व कमी फोकस अंतराची असल्यामुळे दीड-दोन मीटरच्या पलीकडचे सर्व बऱ्यापैकी स्पष्ट येते, त्यामुळे अंतराची चिंता करण्याचे कारण नाही.

अनेक भिंगांची कल्पना मात्र मुळीच नवी नाही. पॅरिसमधील छायाचित्रकार आँद्रे दिझ्देरी याने १८५४ मध्ये चार भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ लहान छायाचित्रे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याचा हेतू खेळाचा नव्हता, व्यापाराचा होता. एका काचेच्या खर्चात आठ चित्रे निघाली म्हणजे प्रत्येकाची किंमत उतरते, आणि श्रीमंतांपुरती मर्यादित असलेली तसबीर दुकानदार व कारकून यांच्याही आवाक्यात येते. भेटपत्राच्या आकाराची ही चित्रे पुढच्या दशकात हिंदुस्थानातही पोचली. योगायोग असा की त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. त्याच वर्षी झाशीचे संस्थान डलहौसीने खालसा केले.

म्हणजे राणी आणि कॅमेरा हे एकाच काळातले होते. एप्रिल १८५८ च्या आरंभी ह्यू रोझच्या फौजा झाशीत शिरल्या आणि राणी रात्री किल्ल्यातून निसटली, त्याच वर्षी फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार लखनौ, कानपूर व दिल्ली येथील पडक्या इमारतींची चित्रे घेत होता. परंतु त्या चित्रांत हलणारे असे काही नाही, आणि असणे शक्यही नव्हते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या १८५१ च्या पद्धतीप्रमाणे काचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे, आणि चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. एवढ्या वेळात धावता घोडा चौकटीतून येऊन निघूनही जातो. काचेवर त्याची धूळसुद्धा राहत नाही. बेआतोसारखा छायाचित्रकार त्या रात्री किल्ल्याखाली उभा असता आणि रात्रीचा दिवस झाला असता, तरी त्याला घोडा मिळाला नसता. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेत गेलेले विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात झाशीत होते. त्यांनी पाहिलेले शब्दांत लिहून ठेवले, आणि 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राच्या डोळ्याला जे साधले नाही ते एका भिक्षुकाच्या डोळ्याने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

घोड्याचा प्रश्न वीस वर्षांनी सुटला, आणि तो सुटला एका भिंगाने नव्हे. अमेरिकेत पालो आल्टो येथे जून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने घोड्यांच्या धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे एका ओळीत मांडले. 'सॅली गार्डनर' नावाच्या घोडीच्या चित्रमालिकेत त्यांच्यातील अंतर २७ इंच, म्हणजे सुमारे ६९ सेंटिमीटर होते. घोडी धावू लागली की एकामागून एक कॅमेऱ्यांची शटरे उघडत. दोन चित्रांमध्ये सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचे अंतर होते. त्या मालिकेने सिद्ध केले की चौखूर धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. पण चित्रकार दाखवीत आले त्याप्रमाणे पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणलेले असताना नव्हे, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. युरोपातील चित्रकारांप्रमाणे आपल्याकडील लघुचित्रकारांनीही घोडे ताणलेल्या पायांनीच उडविले आहेत. सर्वांनी घोडे आयुष्यभर पाहिले होते, तरी कोणालाही ते दिसले नव्हते.

या शोधानंतर पुतळ्यातला घोडा पाहिला म्हणजे लक्षात येते की तो धावतच नाही. मागच्या दोन पायांवर उभा राहणे हा धावण्यातला टप्पा नव्हे; तो थबकण्याचा, बुजण्याचा किंवा शिकविलेला पवित्रा आहे. शिल्पकाराला मात्र तो सोयीचा असतो, कारण त्यात आवेश आहे आणि मागचे पाय व शेपूट यांवर धातूचा भार तोलता येतो. (पुतळ्यातील घोड्याने किती पाय उचलले आहेत यावरून स्वाराला मृत्यू कसा आला ते सांगण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. तिला कोणताही आधार नाही.)

मायब्रिजने कॅमेरे अनेक वापरले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील छायाचित्रकार आल्बेर लोंद याने १८८० च्या दशकात एकाच कॅमेऱ्यावर नऊ भिंगे आणि पुढे बारा भिंगे बसविली, आणि ती क्रमाने उघडण्याची योजना केली. मज्जासंस्थेच्या विकारांनी पीडित रुग्णांच्या हालचाली वैद्यांना सावकाश अभ्यासता याव्यात हा त्यामागचा हेतू होता. आपल्या प्लॅस्टिकच्या खेळण्याचा खरा आजोबा हाच. नातवाने वैद्यकी सोडून दिली आणि उड्या मारणाऱ्या मुलांच्या मागे लागला, एवढाच फरक.

आपल्याकडे काळाशी अशा तऱ्हेने खेळणारा पहिला माणूस बहुधा दादासाहेब फाळके हा होय. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कुंडीत लावलेल्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. महिन्याभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत दाखविण्याची ती किमया होती. चार भिंगांचा कॅमेरा उलट्या दिशेने जातो. डोळ्यांना एकच वाटणारी हालचाल तो चार ठिकाणी थांबवून पसरून दाखवितो.

तो किती दाखवू शकतो आणि किती नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने धावणारा घोडा एक पंचमांश सेकंदात दोन मीटरांहून अधिक पुढे जातो आणि शटर उघडे असेतो दहा-अकरा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे त्याचे पाय पुसट येतील आणि मधल्या अवस्था निसटतील. मायब्रिजचा घोडा या खेळण्याने पकडता येणार नाही. माणसाच्या हालचाली मात्र त्याच्या मापाच्या आहेत. रमतगमत चालणारा मनुष्य दोन चित्रांमध्ये पाव मीटर पुढे जातो. तीस सेंटिमीटर उंच उडी मारणारे मूल सुमारे अर्धा सेकंद हवेत राहते. त्यामुळे चारांपैकी दोन किंवा तीन चित्रांत त्याचे पाय जमिनीपासून सुटलेले सापडतात.

तेव्हा किल्ल्यावर जावे ते माणसांसाठी. ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधलेला व अठराव्या शतकात नारोशंकर या मराठा सुभेदाराने वाढविलेला हा किल्ला स्वतः हलत नाही. 'कडक बिजली' तोफेसमोर उभे राहून कळ दाबली तर चार सारख्या तोफा मिळतात. अगदी सारख्या म्हणणे मात्र बरोबर नाही. चार भिंगे एकमेकांपासून एक-दोन सेंटिमीटर दूर असल्यामुळे जवळची वस्तू प्रत्येक चित्रात मागच्या भिंतीच्या तुलनेने किंचित सरकलेली दिसते. आपले दोन डोळे खोली जाणतात ती याच फरकावरून, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या 'निम्स्लो' या चार भिंगांच्या कॅमेऱ्याने याच फरकाचा उपयोग करून, बारीक खाचांच्या पारदर्शक थराखाली छापलेली उठावदार छायाचित्रे विकली. आपल्या कॅमेऱ्यात हा फरक फुकट मिळतो. तोफेच्या तोंडाशी दोन हातांवर उभे राहून तो पाहता येईल.

वस्तू हलत नसेल तर कॅमेरा हलवावा. बुरुजावर उभे राहून कळ दाबताना कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरविला तर एका चौकटीत शहराच्या चार बाजू येतात, आणि त्या जुळत नाहीत हेच त्यांचे वैशिष्ट्य. एका तुकड्यात घरांच्या गच्च्या, दुसऱ्यात तटाचा कोपरा, तिसऱ्यात नुसते आभाळ, चौथ्यात कोणा अनोळखी गृहस्थाचा कान. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले विहंगम दृश्य यापेक्षा सुंदर असते, पण मान वळवून पाहणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात काय दिसते ते या चार तुकड्यांत अधिक खरे उतरते, असे मला वाटते. भिंगांवर जिलेटिनच्या रंगीत कागदाचे तुकडे चिकटविण्याची युक्तीही जुनी व निर्धोक आहे. लाल, पिवळा, हिरवा व निळा असे चार तुकडे लावले की प्रत्येक क्षणाला आपला रंग मिळतो. एवढेच लक्षात ठेवावे की लाल आणि निळा कागद पुष्कळ प्रकाश खातात. म्हणून येथे ४०० ची फिल्म भर उन्हातही चालते, आणि माझ्या त्या फसलेल्या रोलाला निदान हा उपयोग झाला असता.

झाशीत हालचालीचा आणखी एक मोठा साठा आहे, तो हॉकीच्या मैदानावर. ध्यानचंद यांचे घर या शहरात होते, आणि १९७९ मध्ये त्यांच्या निधनानंतर येथल्याच मैदानावर त्यांना निरोप देण्यात आला. चेंडू काठीच्या पुढच्या अंगाने उजवीकडून डावीकडे ओढणे आणि काठी उलटी करून परत आणणे या दोन क्रिया प्रेक्षकाला एकच भासतात. मैदानाच्या कडेला गुडघ्यावर बसून सराव करणाऱ्या मुलामुलींची चित्रे घेतली तर काठी उलटण्याचा तो क्षण केव्हातरी एखाद्या चौकटीत येतो. बहुतेक वेळा येत नाही. एका रोलमध्ये छत्तीस चौकटी, म्हणजे एकशे चव्वेचाळीस चिमुकली चित्रे. त्यांत पाच-सहा जरी मनासारखी निघाली तरी रोल फळाला आला असे समजावे.

हा हिशेब पूर्वी कोणी केला नसता. मागच्या पिढीतील घरांत बडोद्याला तयार झालेला आगफाचा 'क्लिक-३' असे, त्यात रोलवर बाराच चित्रे निघत, आणि ती लग्नाला, सहलीला व मुलाच्या वाढदिवसाला पुरवून वापरली जात. उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' हा कृष्णधवल रोल गावोगावी मिळे. तो कारखाना आता बंद झाला आहे. रोल परदेशातून येतात, महाग झाले आहेत, आणि ते धुऊन देणारी दुकाने मोठ्या शहरांतही शोधावी लागतात. खिशातला दूरध्वनी सेकंदाला तीस चित्रे फुकट घेत असताना चार चित्रांसाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. फुकट घेतलेल्या तीसांतून आपण पुन्हा एकच निवडतो आणि बाकीची पुसून टाकतो. येथे पुसता येत नाही. डोळे मिटलेले पहिले, हात पुसट झालेले दुसरे, बरे आलेले तिसरे आणि चौकटीबाहेर निसटू पाहणारे चौथे ही चारही एकाच तुकड्यावर कायमची शेजारी राहतात.

रोल धुवावयास देताना दुकानदाराला एक गोष्ट आवर्जून सांगावी. प्रत्येक चौकटीत चार चित्रे आहेत, त्यामुळे दोन चौकटींमधील रेघ कोणती व खोल्यांमधली रेघ कोणती हे यंत्राला कित्येकदा समजत नाही आणि ते भलत्याच जागी कापते. निगेटिव्ह न कापता सलग द्यावी असे पाकिटावर लिहून ठेवणे उत्तम.

आणि शेवटी त्या उडीविषयी. राणीने घोड्यासह जेथून उडी घेतली असे सांगतात, ती जागा किल्ल्यावर दाखविली जाते. तेथे येणारी मुले तटावरून खाली डोकावतात, मग मागे येऊन एखाद्या पायरीवरून हटकून उडी मारतात. कोणी सांगावे लागत नाही. तटाच्या बाजूला कोणाला उभे करू नये. पायरीपासून तीन मीटरांवर, सूर्य पाठीशी ठेवून बसावे आणि मुलीचे गुडघे वाकलेले दिसताच कळ दाबावी. पाय सुटण्याची वाट पाहिली तर उशीर होतो. पुढे आठवड्याने निगेटिव्ह उजेडात धरली की पहिल्या खोलीत ती वाकलेली असते, दुसऱ्या खोलीत वेणी उडालेली व पाय पोटाशी घेतलेले, तिसऱ्या खोलीत वेणी खांद्याशी व पाय जमिनीकडे निघालेले, आणि चौथ्या खोलीत ती जमिनीवर उतरून कॅमेऱ्याकडे पाहत असते, आला का म्हणून.